मधला पत्ता मागायचा की पत्ते टाकायचे?

चार-आठ डॉलरच्या लिमिट होल्डेमचं टेबल, म्हणजे बेटची रक्कम आधीच ठरलेला पोकर: दोन पत्ते प्रत्येकाच्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांचे. तुम्ही बटनवर बसलात, म्हणजे फ्लॉपपासून (टेबलावरची पहिली तीन पानं) पुढे प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या शेवटी बोलणार. हातात किलवरची सत्ती आणि किलवरची छक्की. दोन्ही ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी सक्तीचे पैसे घालणारे दोघे) धरून सहा जण प्रत्येकी चार डॉलर घालून थांबलेत, कोणी रेज केलेलं, म्हणजे बेट वाढवलेली, नाही. फ्लॉप उघडतो: इस्पिकचा राजा, चौकटची नव्वी, बदामाची पंजी. पहिला माणूस चार डॉलरची बेट करतो, दोघे कॉल करतात (तेवढेच पैसे घालतात), दोघे पत्ते टाकतात आणि पाळी तुमच्यावर येते. हातात आत्ता काहीही नाही. अठ्ठी आली तर पाच ते नऊ सलग, आणि त्या क्षणी त्याहून मोठा हात कोणाकडे असूच शकत नाही. अठ्ठी नाही आली तर तुमच्या हाताला काही किंमत नाही.

चार डॉलर घालायचे का?

लिमिट पोकर नव्याने खेळू लागलेल्या ओळखीच्या माणसांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे, आणि प्रत्येक वेळी त्यांना एका शब्दात उत्तर हवं असतं. ते मला देता येत नाही, कारण हा एक प्रश्न नाहीच. फ्लॉपला विचारलेला प्रश्न वेगळा, टर्नला, म्हणजे चौथ्या पानाला, विचारलेला वेगळा. त्याच पत्त्यांना, त्याच टेबलावर, त्याच माणसांसमोर फ्लॉपला कॉल बरोबर असतो आणि मिनिटभराने टर्नला तोच कॉल चूक ठरतो. हे ज्याच्या अंगवळणी पडलं, त्याचा कमकुवत ड्रॉवर (अजून न बसलेल्या हातावर) जाणारा बराचसा पैसा वाचतो.

रमी खेळलेल्या माणसाला या खेळाची अर्धी समज आधीच असते. हातात सत्ती-अठ्ठी असली तर छक्की चालते आणि नव्वीही चालते. सत्ती-नव्वी असली तर फक्त अठ्ठी. मधल्या पत्त्यावर अडकलेला सिक्वेन्स कोणालाच आवडत नाही, हे लोकलच्या डब्यात मांडीवर ब्रीफकेस ठेवून रमी खेळणारा माणूसही सांगेल. पोकरमध्ये या मधल्या पत्त्याच्या ड्रॉला गटशॉट म्हणतात. फरक एवढाच की रमीत पत्त्याची वाट बघायला दर पानाला वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. होल्डेममध्ये पुढच्या प्रत्येक पानाला भाव असतो, आणि लिमिटमध्ये तो भाव टेबल मांडतानाच ठरलेला असतो: चार-आठच्या खेळात फ्लॉपला चार डॉलर, टर्न आणि रिव्हरला (शेवटच्या, पाचव्या पानाला) आठ.

आधी फ्लॉपचा हिशोब. सहा जणांचे चार-चार मिळून पॉटमध्ये (मधल्या ढिगाऱ्यात) चोवीस डॉलर होते. त्यात एक बेट आणि दोन कॉल, असे बारा आले. आता छत्तीस डॉलर समोर आहेत आणि तुम्हाला चार घालायचेत, म्हणजे नऊला एक. तुम्ही पाहिलेली पानं पाच, न पाहिलेली सत्तेचाळीस. त्यात अठ्ठ्या चार, बाकी त्रेचाळीस. म्हणजे अठ्ठी पुढच्याच पानाला येण्याचे ऑड्स पावणेअकराला एक. नुसत्या समोरच्या पैशांवर कॉल थोडा तोट्यात जातो. पण अठ्ठी आलीच, तर तुमच्याकडे टेबलावरचा सर्वोत्तम हात असेल आणि पुढच्या दोन्ही फेऱ्या आठ-आठ डॉलरच्या असतील. कमी पडतात ते जेमतेम सात डॉलर. राजाची जोडी घेऊन बसलेला माणूस आणि दोन कॉल करणारे यांच्याकडून पुढे आठ डॉलरची एक बेट मिळणं अवघड नाही, बहुतेकदा त्याहून बरंच जास्त मिळतं. तुमच्यामागे रेज करायला कोणी उरलेलं नाही. कॉल करा, आणि बिनधास्त करा.

आता टर्न. चौकटची दुर्री येते, कोणाच्याच कामाची दिसत नाही. पॉटमध्ये चाळीस डॉलर आहेत. पहिला माणूस आता आठ डॉलरची बेट करतो, एक जण कॉल करतो, एक जण पत्ते टाकतो. समोर छप्पन डॉलर, तुम्हाला आठ घालायचे: सातला एक. उरलेल्या शेहेचाळीस पानांत अठ्ठ्या चारच, म्हणजे साडेदहाला एक. मघाशी पावणेदोन छोट्या, चार डॉलरच्या बेट कमी पडत होत्या, आता साडेतीन मोठ्या बेट, म्हणजे अठ्ठावीस डॉलर कमी पडतात. आणि ते मिळवायला एकच फेरी उरली आहे. रिव्हरला अठ्ठी आली, तुम्ही रेज केलं आणि दोघांनीही तो पूर्ण कॉल केला, तरच ही तूट भरून निघते. शिवाय त्या अठ्ठ्यांपैकी चौकटची अठ्ठी आली तर टेबलावर तीन चौकट होतात आणि कोणाचा तरी फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) बसू शकतो. पत्ते टाकायचे.

माझी पहिली कित्येक महिन्यांची चूक नेमकी इथे होती. फ्लॉपला कॉल केला की मनात त्या अठ्ठीशी नातं जुळायचं. टर्नला आठ डॉलर घालताना मी स्वतःला सांगायचो की इतके घातलेच आहेत, आता एक पान राहिलंय. ज्या हातांनी पैसे गेले ते मी वहीत लिहायला लागलो, तेव्हा त्या यादीत फ्लॉपचे कॉल फार नव्हते. पानापानांवर टर्नचे कॉल होते. पॉटमध्ये आधी घातलेले पैसे तुमचे राहिलेले नसतात. टर्नला ते फक्त समोरच्या ढिगाऱ्याचा भाग म्हणून मोजायचे, आपला खर्च म्हणून नाही.

इथे एका पाठ केलेल्या आकड्याने अनेकांची फसगत होते. गटशॉट फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत दोन पानांत लागण्याची शक्यता साडेसोळा टक्के, म्हणजे साधारण पाचला एक. हा आकडा बरोबर आहे, पण तो दोन पानांचा आहे. दोन पानं बघायची तर चार डॉलर आणि नंतर आठ, असे बारा मोजावे लागतात. फ्लॉपला समोर पाचला एक दिसतंय म्हणून चार डॉलर घालणारा माणूस एका पानाचे पैसे देऊन दोन पानांची शक्यता मोजत असतो. सगळे पैसे फ्लॉपलाच आत गेले असतील तेव्हा तो आकडा वापरता येतो. नेहमीच्या लिमिट टेबलावर एका वेळी एकाच पानाचा हिशोब धरावा.

निरनिराळ्या ड्रॉंचे भाव एकाशेजारी एक ठेवले तर असे दिसतात. आउट्स म्हणजे हात सुधारणारी उरलेली पानं, ओव्हरकार्ड म्हणजे टेबलावरच्या सगळ्या पानांहून मोठा पत्ता.

| ड्रॉ | आउट्स | टर्नला लागण्याचे ऑड्स | रिव्हरला लागण्याचे ऑड्स |
|---|---|---|---|
| हातातली छोटी जोडी | २ | २२.५ ला १ | २२ ला १ |
| एक ओव्हरकार्ड | ३ | १४.७ ला १ | १४.३ ला १ |
| गटशॉट | ४ | १०.७५ ला १ | १०.५ ला १ |
| तळाची जोडी | ५ | ८.४ ला १ | ८.२ ला १ |
| दोन ओव्हरकार्ड | ६ | ६.८ ला १ | ६.७ ला १ |
| दोन्हीकडून सलग | ८ | ४.९ ला १ | ४.७५ ला १ |
| फ्लश ड्रॉ | ९ | ४.२ ला १ | ४.१ ला १ |

शेवटच्या दोन ओळी फक्त तुलनेला ठेवल्यात. आठ-नऊ आउट्सवर लिमिटच्या टेबलावर सहसा डोकं खाजवावं लागत नाही. खरी ओढाताण वरच्या पाच ओळींत असते, आणि ती ओढाताण या आकड्यांनी सुटत नाही. कारण तक्त्यात सगळे आउट्स सारखे दिसतात. टेबलावर ते सारखे नसतात.

मघाचीच सत्ती-छक्की घ्या, फक्त फ्लॉप बदला: बदामाची दश्शी, बदामाची नव्वी, इस्पिकची दुर्री. पुन्हा गटशॉट, पुन्हा अठ्ठीच हवी, तक्त्यात पुन्हा चार आउट्स. पण बदामाची अठ्ठी आली की टेबलावर तीन बदाम होतात आणि दोन बदाम धरून बसलेल्याचा फ्लश पूर्ण होतो. उरल्या तीन अठ्ठ्या. त्या आल्या तरी टेबलावर दहा-नऊ-आठ दिसतात, आणि ज्याच्या हातात राणी-गुलाम आहे त्याचा सलग हात तुमच्यापेक्षा मोठा. राणी-गुलाम हा हात लोक टाकत नाहीत. शिवाय या फ्लॉपवर त्याच्याकडे आधीच दोन्हीकडून उघडा ड्रॉ आहे, म्हणजे तो नक्की थांबलेला आहे. गुलाम-सत्तीवालाही पुढे. म्हणजे हवा तो पत्ता येऊन हरण्याची सोय इथे पुरेपूर आहे, आणि तसं हरणं सगळ्यात महाग पडतं, कारण अठ्ठी आल्यावर तुम्ही आठ-आठच्या बेट आणि रेज घालणार. पहिल्या फ्लॉपवर पुढे मिळणारे पैसे तुमच्या बाजूला धरले होते. इथे ते दुसऱ्याच्या बाजूला धरावे लागतात. माझ्या मते या हाताला दोन आउट्सच्या वर किंमत देऊ नये. नऊला एक मिळत असले तरी पत्ते टाकावेत.

या दोन गटशॉटमधला फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पॉटच्या आकारापेक्षाही. ड्रॉ किती दुबळा आहे हे विचारण्याआधी, तो लागला तर मी नक्की जिंकतो का, हे विचारा. सलग पत्त्यांच्या वरच्या टोकाचा गटशॉट, टेबलावर तीन वेगवेगळी चिन्हं, जोडी नाही: हा चार आउट्सचा हात खरोखर चार आउट्सचा असतो. खालच्या टोकाचा, दोन सारख्या चिन्हांच्या टेबलावरचा गटशॉट नावालाच तसा.

तळाच्या जोडीचंही असंच. पहिला फ्लॉप परत आणा, राजा-नव्वी-पंजी, आणि हातात एक्का-पंजी धरा. आउट्स पाच: दोन पंज्या, तीन एक्के. गटशॉटपेक्षा एक जास्त, आणि हव्या त्या भावात, नऊला एक विरुद्ध ८.४ ला एक. कागदावर हा हात सरळ सरस दिसतो. पण यातले तीन एक्के किती स्वच्छ आहेत हे फ्लॉपच्या आधी काय झालं त्यावर ठरतं. कोणी रेज केलं नव्हतं, तर एक्का-राजा कोणाकडे असण्याची शक्यता कमी, कारण तो हात धरून नुसतं कॉल करणारे थोडे. तेव्हा एक्का आला तर दोन जोड्या घेऊन तुम्ही बहुधा पुढे असता. पण फ्लॉपआधी रेज करणाऱ्यानेच आता बेट केली असेल, तर त्याच्याकडे एक्का-राजा असण्याची शक्यता मोठी आहे. एक्का आल्यावर तुमच्या एक्के-पंज्या आणि त्याचे एक्के-राजे, आणि तुम्ही तीन बेट घालून हरता. त्या वेळी पाच आउट्स म्हणून मोजू नका, तीन-साडेतीन मोजा.

दुसरीकडे, तळाच्या जोडीत एक गोष्ट आहे जी गटशॉटमध्ये नाही: काही वेळा तुम्ही आत्ताच पुढे असता. एकच प्रतिस्पर्धी असेल आणि तो फ्लॉपला काहीही घेऊन बेट करणारा असेल, तर पंजीची जोडी जिंकलेलीही असू शकते. सत्ती-छक्की पान न येता कधीच जिंकत नाही. म्हणून माणसं कमी असतील तर मी एक्का-पंजी घेतो, आणि माणसं जास्त असतील, पॉट मोठा असेल, तर स्वच्छ गटशॉट. गर्दीत जिंकायला मोठा हात लागतो, आणि पाचही पत्ते सलग लागले की तो हात सहसा टिकतो. दोन जोड्यांचं तसं सांगता येत नाही.

दोन ओव्हरकार्डांबद्दल मी थोडक्यात सांगतो. नव्वी-सत्ती-तिर्रीवर एक्का-राणी घेऊन सहा आउट्स मोजणं सोपं असतं. पाच जण आत असतील तर एक्का-नव्वी, राणी-नव्वी कोणाकडे तरी असते, आणि टेबल सलग असेल तर तुमचा एक्का येऊनही उपयोग होत नाही. गर्दीत तीन-चार आउट्स धरा. एकाच माणसासमोर पूर्ण पाच-सहा धरा, शिवाय तुमचा एक्का त्या क्षणी पुढेही असू शकतो.

हातातली छोटी जोडी, समजा चव्वीची, वरची तीन पानं मोठी: बावीसला एकच्या वर ऑड्स. पत्ते टाका आणि पुढच्या हाताची तयारी करा.

ज्या गोष्टींनी दुबळा ड्रॉ थोडा सबळ होतो, त्यांत सर्वांत जास्त विसरला जाणारा म्हणजे बॅकडोअर फ्लश. फ्लॉपला इस्पिकच्या राजाऐवजी किलवरचा राजा आला असता, तर तुमच्या दोन किलवरांसह तीन किलवर झाले असते. टर्न आणि रिव्हर दोन्ही किलवर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या जरा वर. दोन पानांत एक आउट लागण्याचीही शक्यता साधारण तेवढीच. म्हणून फ्लॉपला एक आउट जास्त धरायला हरकत नाही, आणि चारचे पाच झाले की पावणेअकराचे ८.४ होतात. नऊला एकच्या भावात हा फरक तोट्यातून नफ्यात नेतो. टर्नला किलवर नाही आला तर तो आउट मिटला, विसरून जा.

एक ओव्हरकार्ड सोबत असला तरी असंच. बिग ब्लाइंडमध्ये बसलात, एकानेच रेज केलं, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, तुम्ही कॉल केला. फ्लॉपला अठरा डॉलर (दोघांचे आठ-आठ, स्मॉल ब्लाइंडचे दोन), त्याची बेट धरून बावीस: साडेपाचला एक. नुसता गटशॉट इथे फोल्ड (पत्ते टाकणं), शंकाच नाही. एका माणसाकडून पुढे एवढी तूट भरून येत नाही. पण गटशॉट आणि एक स्वच्छ ओव्हरकार्ड असेल तर सात आउट्स, म्हणजे ५.७ ला एक, आणि कॉल चालतो. आणि दश्शी-अठ्ठी-तिर्रीवर राणी-गुलाम असेल तर चार नव्व्या, तीन राण्या, तीन गुलाम. त्यालाही लोक गटशॉटच म्हणतात, पण एका माणसासमोर मी तिथे कॉल करत नाही, रेज करतो.

जागेचा फरक. पहिल्या उदाहरणात तुम्ही शेवटी होता म्हणून नऊला एक हा भाव पक्का होता. त्याच पत्त्यांनी तुम्ही बेट करणाऱ्याच्या लगेच डावीकडे बसला असता, तर समोर अठ्ठावीस डॉलर, म्हणजे सातला एकच दिसले असते, आणि मागे चार जण बोलायचे बाकी. त्यांतल्या दोघांनी कॉल केला तर तुमचा भाव सुधारतो. पण एकाने रेज केलं आणि पहिल्याने पुन्हा रेज केलं, तर चार डॉलरचं पान बारा डॉलरला पडतं, आणि एवढ्या रेज झाल्या की मधले लोक पळतात. शांत टेबलावर, जिथे लोक फक्त कॉल करतात, मी पुढे बसूनही चांगला गटशॉट घेतो. जिथे दर फ्लॉपला दोन-तीन रेज होतात तिथे नाही. जागेची किंमत किती असते याचा एक नेमका आकडा उपलब्ध आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दोन खेळाडूंचा लिमिट होल्डेम संगणकाने व्यवहारात सोडवल्याचं जाहीर केलं. त्यात दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तरी डीलरच्या जागेवरचा खेळाडू दर हजार हातांमागे साधारण अठ्ठ्याऐंशी बिग ब्लाइंडांएवढी रक्कम जिंकतो. पत्ते सारखे, कौशल्य सारखं, फरक फक्त जागेचा. सहा-सात माणसांच्या टेबलाचं असं उत्तर त्यांनी दिलेलं नाही, तिथे आपल्यालाच अंदाज करायचा आहे.

शेवटी बसलेल्याला आणखी एक रस्ता असतो: फ्लॉपला रेज करून टर्नचं पान फुकट मिळवणं. आठ डॉलर फ्लॉपला घातले, सगळे घाबरून टर्नला चेक झाले (पैसे न घालता पाळी पुढे सोडली), तुम्हीही चेक केलं, तर दोन्ही पानं बारा ऐवजी आठ डॉलरला पडली. फ्लश ड्रॉला हे उत्तम. गटशॉटला मी क्वचित करतो, कारण तुम्ही तसंही टर्नला पत्ते टाकणार होता. मग वाचवलं काय? रिव्हरचं पान चार डॉलरला विकत घेतलं, इतकंच. पॉट दहा छोट्या बेटच्या वर असेल आणि पहिला माणूस रेज झाल्यावर खरोखर गप्प बसणारा असेल, तरच ते परवडतं. तो पुन्हा रेज करणारा असेल तर नाही.

आता पॉट मोठा असला की काय होतं ते बघा. सात जण, फ्लॉपआधी एक रेज, सगळ्यांनी कॉल केला: चौदा छोट्या बेट, छप्पन डॉलर. फ्लॉपला बेट आणि तीन कॉल, तुम्ही शेवटी: अठराला एक. राजा-नव्वी-पंजीवर सत्ती-छक्की इथे टाकणं ही चूक आहे, आणि छोटी चूक नाही. पुढचे पैसे न धरताही तो कॉल सरासरी अडीच डॉलरच्या आसपास मिळवून देतो. तुलनेला मघाचा सातला एकवाला टर्नचा कॉल घ्या: पुढचे पैसे न धरता तो सरासरी जवळजवळ अडीच डॉलर घालवतो. म्हणजे छोट्या पॉटमध्ये टर्नला चिकटून राहणारा जेवढं घालवतो, तेवढंच मोठ्या पॉटमध्ये फ्लॉपला शिस्तीच्या नावाखाली पत्ते टाकणाराही घालवतो. त्याला ते दिसत नाही, कारण त्याच्या चिप्स जागच्या हलत नाहीत. या पॉटमध्ये एक्का-पंजी तर सोडाच, तीन स्वच्छ आउट्सचा हातही चालतो. आणि टर्नला तेव्हा मागे अठरा-वीस छोट्या बेट जमलेल्या असतात. नऊ-दहा मोठ्या बेट झाल्या, वर बेट आणि कॉल आला, तर अकराला एकच्या पुढे जातं, आणि मग टर्नलाही स्वच्छ गटशॉट टाकायचा नाही.

जिथे खेळता तिथला कट, म्हणजे खेळवणारं घर पॉटमधून घेतं तो वाटा, मात्र विसरू नका. कॅलिफोर्नियाच्या कार्डरूममध्ये घर पॉटमधून टक्केवारी घेऊ शकत नाही, आधी ठरलेली रक्कम घेतं. नेवाडात टक्केवारी चालते, तिला दहा टक्क्यांची मर्यादा आहे. चार-आठच्या खेळात ही ठरलेली रक्कम फार मोठी वाटते. समजा दर हाताला पाच डॉलर गेले. तर पहिल्या उदाहरणातले छत्तीस डॉलर एकतीस होतात आणि नऊला एकचे पावणेआठला एक होतात. सात डॉलरची तूट बारा डॉलरची झाली. स्वच्छ गटशॉट, शेवटची जागा आणि तीन प्रतिस्पर्धी असल्यामुळे मी तरीही कॉल करतो, पण आता तो निसटता कॉल आहे. दोघेच प्रतिस्पर्धी असते तर केला नसता. टर्नला छप्पनचे एक्कावन्न होतात, ६.४ ला एक, आणि फोल्ड आणखी पक्का. दहा-वीस किंवा वीस-चाळीसच्या खेळात हाच कट बेटच्या मानाने लहान असतो, म्हणून तिथे तोच हात थोडा सैल खेळता येतो. पुस्तकी आकडे वाचून छोट्या टेबलावर बसणारे इथे सगळ्यात जास्त चुकतात असं माझं निरीक्षण आहे.

गोव्यात मांडवीवरच्या बोटींवर खेळून आलेल्या, किंवा २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवरचे ऑनलाइन खेळ बंद करण्यापूर्वी फोनवर शिकलेल्या आपल्या माणसांना लिमिटचं टेबल सुरुवातीला उलटं वाटतं. त्यांची सवय नो-लिमिटची. तिथे समोरचा अर्ध्या पॉटची बेट करतो तेव्हा तुम्हाला तीनला एक मिळतात, दोन तृतीयांशाची केली तर अडीचला एक. एवढ्या भावात गटशॉट तेव्हाच घ्यायचा जेव्हा समोर मोठा स्टॅक (चिप्सचा ढीग) आहे आणि पत्ता लागल्यावर तो पूर्ण मिळू शकतो. लिमिटमध्ये समोरचा तुम्हाला भाव वाढवून हाकलू शकत नाही, आठ-नऊला एक आपसूक मिळतात. पण पत्ता लागल्यावर मिळणारही मोजकंच: एक, दोन, फार तर चार मोठ्या बेट. नो-लिमिटवाला लिमिटला आला की फ्लॉपला उगाच पत्ते टाकतो आणि टर्नला ‘लागला तर मोठं मिळेल’ म्हणून कॉल करतो. दोन्ही उलटे. २००३ साली ख्रिस मनीमेकरने पोकरची वर्ल्ड सिरीज जिंकली आणि जगभर नो-लिमिटची लाट आली. त्याआधी अमेरिकेतल्या कार्डरूममध्ये होल्डेम म्हटलं की बहुतेक वेळा लिमिटच असायचं. आजही कॅलिफोर्नियाच्या बे एरियात चार-आठ आणि सहा-बाराच्या टेबलावर जी वयस्कर मंडळी बसतात, त्यांना हा फ्लॉप-टर्नचा फरक आकडे न मोजता कळतो. टर्नला आठ डॉलरची बेट झाली की त्यांचे पत्ते किती सहज पुढे सरकतात ते एकदा नीट बघा.

पुढच्या वेळी बसाल तेव्हा पॉट डॉलरमध्ये मोजू नका, बेटमध्ये मोजा. फ्लॉपपर्यंत किती छोट्या बेट आत आल्या ते मनात ठेवा, पाच डॉलरचा कट असेल तर त्यातून सव्वा वजा करा, टर्नला जे जमलं त्याचे निम्मे करा आणि पुढे मोठ्या बेट मोजा. मी नवीन माणसाला सुरुवातीला देतो तो अंदाज असा: स्वच्छ, वरच्या टोकाचा गटशॉट, फ्लॉपला समोर आठच्या आसपास छोट्या बेट आणि मागे रेज करणारा कोणी नाही, तर घ्या, सहाच्या खाली असतील तर टाका, मधल्या जागेत किती जण उरलेत आणि ते पुढे पैसे देतील का ते बघा. टर्नला मोठ्या बेट नऊच्या खाली असतील तर टाका. खालच्या टोकाचा किंवा दोन सारख्या चिन्हांच्या टेबलावरचा असेल तर फ्लॉपलाही अठरा-वीसच्या पॉटशिवाय हात लावू नका. पन्नासेक हात असे मोजलेत की आकडा तोंडात येतो, आणि डीलरला तुमच्यासाठी थांबावं लागत नाही.